अठरावं होल येतंच असं नाही : खारघरमध्ये गोल्फच्या मॅच प्लेचे चार दिवस

दिवस पहिला, बुधवार

ठाण्याहून खारघरला जायचं तर पनवेल लोकलच धरावी. वाशीची किंवा नेरूळची आधी आली म्हणून चढलं की पुढे गाडी बदलण्यात वेळ जातो, आणि सकाळच्या गोल्फमध्ये वीस मिनिटं म्हणजे दोन होल. खारघर स्टेशनला उतरून रिक्षा मिळते. तरी स्पर्धेच्या दिवसांत बेलापूरला उतरून मेट्रो घेणं सोयीचं. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या बेलापूर-पेंधर मार्गावर बेलापूर धरून सातवं स्थानक सेंट्रल पार्क. तिथून डोंगराच्या दिशेनं निघालं की पाण्याच्या टाक्या आणि इमारती मागे पडतात आणि गवत सुरू होतं.

बूट सपाट तळाचे, टाच नसलेले. डिसेंबरात सकाळी साडेनऊपर्यंत गवतावर दव असतं, म्हणून मोज्यांचा एक जास्तीचा जोड. टोपी, पाणी, छोटी दुर्बीण. मोबाइल नुसता सायलेंट करून भागत नाही, कॅमेऱ्याचा आवाजही बंद करावा लागतो. खेळाडू फटक्यासाठी उभा राहिला की खिशातल्या किल्ल्यासुद्धा वाजू द्यायच्या नाहीत.

सरावाच्या दिवशी प्रवेशद्वाराशी सोडतीचा फलक लागतो. प्रेक्षक त्याचा फोटो काढून पुढे सरकतात, पण पाच मिनिटं थांबून तो वाचण्यासारखा असतो. 32 खेळाडू, पाच फेऱ्या. पहिल्या फेरीत मानांकनांची बेरीज नेहमी 33 : पहिला विरुद्ध बत्तिसावा, बारावा विरुद्ध एकविसावा, तिसरा विरुद्ध तिसावा. पहिला आणि दुसरा फलकाच्या दोन टोकांना, म्हणजे त्यांची गाठ पडलीच तर अंतिम सामन्यात. खेळाडूंना इथे मानांकनानंच ओळखू. या खेळात समोरच्याचं नाव विसरून खेळणाराच बरा खेळतो.

मॅच प्लेमध्ये एकूण फटके मोजत नाहीत, ते मोजतात तो स्ट्रोक प्ले. होल म्हणजे टीपासून (पहिला फटका मारायची जागा) कपापर्यंतचा (झेंड्याखालचा खड्डा) टप्पा, आणि प्रत्येक होल ही वेगळी लढत. कमी फटक्यांत चेंडू कपात टाकला की ते होल तुमचं, बरोबरी झाली तर कुणाचंच नाही. उरलेल्या होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना तिथेच संपतो. ‘3 आणि 2’ म्हणजे तीन होलांची आघाडी आणि दोनच होल शिल्लक, अर्थात सामना सोळाव्यावर संपला. पाहणाऱ्याचं सगळं गणित यातून निघतं : अठराव्या ग्रीनजवळ (कपाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) खुर्ची धरून बसलेल्या माणसाला बहुतेक सामन्यांचा शेवट दिसतच नाही. तो तेराव्या ते सतराव्या होलाच्या दरम्यान कुठेतरी होतो.

आयोजकांनाही हे ठाऊक असतं. अमेरिकेतल्या ऑस्टिन कंट्री क्लबवर 2016 ते 2023 या काळात जागतिक मॅच प्ले स्पर्धा झाली, तेव्हा तिथल्या दोन्ही नऊ-नऊ होलांचा क्रम उलटा केला होता. नदीकाठची देखणी, धोक्याची होलं दुसऱ्या अर्ध्यात यावीत, नाहीतर निम्मे सामने तिथवर पोचणार नाहीत. इथेही त्याच हिशेबानं बाराव्याची टी पुढे आणली होती. पार चारचं, म्हणजे चार फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेलं होल, पण एका दमदार ड्राइव्हमध्ये (टीवरचा लांब फटका) ग्रीन गाठता येईल असं, आणि डाव्या हाताला पाणी. नकाशात बारा ते सोळा या होलांवर पेनानं खूण करून ठेवावी. अठराव्याची जागा विसरली तरी चालेल.

दुपारी सरावाच्या ग्रीनवर स्टिम्पमीटर, म्हणजे ग्रीनचा वेग मोजायचं साधन, निघाला. अॅल्युमिनियमची 36 इंच लांब पट्टी, मधून इंग्रजी ‘व्ही’सारखी पन्हळ, एका टोकाशी चेंडू बसेल एवढी खाच. दुसरं टोक जमिनीला टेकवून खाचेकडचं टोक हळूहळू उचलायचं. सुमारे 20 अंशांचा कोन झाला की चेंडू आपोआप सुटतो. तीन चेंडू एका दिशेनं, ते थांबले तिथून त्याच रेषेवर तीन चेंडू उलट दिशेनं, आणि किती फूट गेले त्याची सरासरी. एका दिशेचे तिन्ही चेंडू आठ इंचांच्या आत थांबले नाहीत तर मोजणी रद्द. उतारावर मोजलं तर आकडा खोटा येतो, म्हणून आधी सपाट जागा शोधण्यातच जास्त वेळ जातो. एडवर्ड स्टिम्पसन या हौशी गोल्फरनं 1935 मध्ये हे साधन केलं. अमेरिकेतल्या ओकमाँट क्लबची ग्रीनं वाजवीपेक्षा वेगवान आहेत हे त्याला आकड्यानं दाखवायचं होतं.

आता गवत. गोल्फवाले ज्याला बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. शेतकरी खणून खणून थकतो तरी जी जात नाही, तिच्याच संकरित जाती उष्ण प्रदेशातल्या ग्रीनांवर जिवापाड जपतात आणि तीन-साडेतीन मिलिमीटरवर कापतात. हरळी आडवी पसरते, म्हणून तिला मखमलीसारखी लव असते. उभं राहून पटच्या (ग्रीनवर चेंडू कपाकडे घरंगळवायचा फटका) रेषेत पाहिलं आणि गवत चमकदार, फिकं दिसलं तर लव आपल्यापासून पलीकडे, चेंडू वेगात जाणार. गर्द हिरवं, निस्तेज दिसलं तर लव अंगावर येणारी, पट अर्ध्यात अडकणार. खात्री करायची तर कपाची कड पाहावी. एका बाजूची कड धारदार असते आणि समोरची विस्कटलेली, तपकिरी. लव त्या विस्कटलेल्या कडेकडे जाते. त्या दुपारी जवळपास प्रत्येक कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस) कपापाशी वाकला होता. पाहणाऱ्याला वाटावं काहीतरी पडलंय.

माळ्याचं काम संध्याकाळीच ठरतं. कप कापायचं यंत्र म्हणजे दोन मुठींचा पोलादी नळा. 108 मिलिमीटर व्यासाचा मातीचा गाभा उचलला जातो आणि तोच नेऊन जुन्या कपाच्या खड्ड्यात बसवतात. गाभा किंचित उंच राहिला तर गवत कापणारं यंत्र त्याचा माथा सोलतं, खोल गेला तर तिथे वाटी होऊन चेंडू वळतो. म्हणून थोडं पाणी, पायाचा दाब, मग हाताच्या तळव्यानं तपासणी. कपातलं प्लॅस्टिकचं अस्तर ग्रीनच्या पातळीपेक्षा निदान एक इंच खाली बसवतात.

दिवस दुसरा, गुरुवार

पहिली टी 7:10, त्यानंतर दर दहा मिनिटांनी एक सामना, सोळावा 9:40 ला. सूर्य जेमतेम सातला उगवतो, त्यामुळे पहिल्या तीन सामन्यांना दव लागतं. पटमागे चेंडूची पांढुरकी रेघ उमटते आणि मागून येणाऱ्याला ती वाचता येते. गंमत म्हणजे मॅच प्लेमध्ये खेळाडूला सामन्याच्या दिवशी, सामन्याआधी त्याच मैदानावर सराव करायची मुभा नियमातच आहे. स्ट्रोक प्लेमध्ये नाही. तरीही आयोजक ती मुभा काढून घेऊ शकतात, म्हणून टीपाशी लावलेली सूचना वाचावी.

वेळेबाबत मात्र दया नाही. ठरलेल्या वेळेनंतर पाच मिनिटांच्या आत आलात तर पहिलं होल गमावलं, त्याहून उशीर झाला तर सामनाच.

सोळा सामने पाहायचे नसतात. एक निवडायचा, सहा-सात होल त्याच्याबरोबर चालायचं, मग फलक पाहून दुसरीकडे वळायचं. चेंडूमागे धावू नये. खेळाडू टीवर असताना आपण फेअरवेच्या (टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) निम्म्यावर, ते फेअरवेवर आले की आपण ग्रीनच्या मागे, जिथून पुढची टीही दिसेल. दोघे शेवटचे पट करत असताना सगळी गर्दी एकदम हलते आणि मागे राहिलेल्याला पुढचा ड्राइव्ह दिसत नाही. ग्रीनवर मात्र एकाचा चेंडू कपात गेला म्हणून चालू लागू नये, दुसऱ्याचा पट अजून शिल्लक असतो. गर्दीतल्या निम्म्या लोकांना हे चार दिवसांनंतरही उमगलं नव्हतं.

सकाळची पहिली फजिती बारावा विरुद्ध एकविसावा या सामन्यात. बाराव्यानं पहिलं होल जिंकलं, दुसरं बरोबरीत सुटत होतं. ग्रीनवर पटर काढताना कॅडीचा हात थबकला. पिशवीत दोन वेज (जवळच्या, उंच फटक्यांच्या काठ्या) एकाच अंशाचे. आदल्या दिवशी सरावात दोन्ही तपासून पाहिले आणि एक काढायचा राहिला. पंधरा क्लब, म्हणजे काठ्या; मुभा चौदांची. स्ट्रोक प्लेमध्ये याचे फटके वाढतात. मॅच प्लेमध्ये चूक झाली त्या प्रत्येक होलामागे सामन्यातलं एक होल वजा होतं, जास्तीत जास्त दोन. म्हणजे एक होलानं पुढे असलेला माणूस तिसऱ्या टीवर आला तो एक होलानं मागे. जास्तीचा क्लब तत्काळ खेळाबाहेर जाहीर करावा लागतो. पहिल्या टीवर पिशवी उपडी करून चौदा मोजायला कॅडीला अर्धं मिनिट लागतं. क्लब नेहमी ठरलेल्या कप्प्यांत ठेवणाऱ्याला मोजावेही लागत नाहीत, रिकामा किंवा दाटलेला कप्पाच बोलतो. तो सामना एकविसाव्यानं ‘2 आणि 1’ असा घेतला.

तिसरा विरुद्ध तिसावा हा सामना मॅच प्ले का खेळतात हे सांगणारा होता. चौथ्या होलावर तिसाव्यानं लागोपाठ दोन चेंडू पाण्यात घातले. स्ट्रोक प्लेमध्ये इथे सात-आठचा आकडा कार्डावर बसला असता आणि स्पर्धा तिथेच संपली असती. इथे त्यानं टोपी काढून होल देऊन टाकलं, चेंडू खिशात घातला आणि पाचव्या टीवर गेला. नुकसान एक होल, बस. कागदावर फटके जोडत बसलो तर तिसऱ्याचे कमी भरले असते, पण अठराव्यावर जिंकला तिसावा, एका होलानं.

असे धक्के हा या प्रकाराचा स्वभावच आहे, आणि टीव्हीवाल्यांचं दुखणंही. पीजीए चॅम्पियनशिप 1916 पासून 1957 पर्यंत मॅच प्लेच होती, 1958 पासून ती स्ट्रोक प्ले झाली. 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला कोस्टाला 64 जणांमधला 62 वा मानांकित केव्हिन सदरलँड जागतिक मॅच प्ले जिंकून गेला. म्हणूनच 2015 पासून त्या स्पर्धेत चार-चार जणांचे गट आणि निदान तीन सामन्यांची हमी आली. प्रेक्षकाला मात्र थेट बाद फेरीच बरी. गुरुवारी दुपारी सोळा माणसं कपड्यांच्या बॅगा घेऊन जाताना दिसली की शुक्रवारच्या पहिल्या टीला वजन येतं.

सामना किती एकतर्फी होऊ शकतो याचं टोक 2006 चं : टायगर वूड्सनं स्टीफन एम्सविरुद्ध पहिली नऊही होलं जिंकली आणि दहाव्यावर सामना संपला, ‘9 आणि 8’. खारघरला इतकं काही घडलं नाही. सर्वांत लवकर संपलेला सामना तेराव्यावर, ‘6 आणि 5’.

आता पट ‘देण्याविषयी’. मॅच प्लेमध्ये समोरच्याचा पुढचा फटका, होल किंवा सगळा सामना देता येतो. दिला की परत घेता येत नाही, आणि समोरच्याला नाकारताही येत नाही. सकाळी दीड-दोन फुटांचे पट दोघेही हसत देत होते. अकराव्यानंतर तेवढ्याच अंतरावर शांतता. नवख्या प्रेक्षकाला हा कंजूसपणा वाटतो, पण हिशेब साधा आहे : ज्यानं सकाळपासून एकही दोन फुटी पट मारलेला नाही, त्याला पंधराव्यावर अचानक मारायला लावायचा.

शब्द मात्र स्पष्ट हवा. सातव्यावर एका कॅडीनं चेंडूकडे हात नेला तेव्हा खेळाडूनं त्याचं मनगट धरलं. “थांब रे, दिला म्हणाला का तो?” पलीकडून हात वर झाला, “दिला, दिला, उचला.” हे मनगट का धरावं लागतं ते 2015 च्या सॉल्हाइम कपमध्ये (युरोप विरुद्ध अमेरिका, महिलांचे संघ) जगानं पाहिलं. अॅलिसन लीनं दिलाच असेल असं धरून जेमतेम दीड फुटाचा चेंडू उचलला, सुझान पेटरसननं तो दिलेला नव्हता, आणि होल गेलं. याच्या उलट 2019 मध्ये ऑस्टिनला सर्जिओ गार्सियानं सात फुटी पट हुकल्यावर उरलेला काही इंचांवरचा चेंडू निष्काळजीपणे मागच्या हातानं ढकलला आणि तोही हुकला. मॅट कूचरला ‘दिला’ म्हणायची सवडच मिळाली नाही. इथे चूक घाईची. चेंडू थांबल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे पाहायचं, एवढंच काम होतं.

आणि 1969 चा रायडर कप, अमेरिका आणि ब्रिटनच्या संघांमधला. रॉयल बर्कडेलला शेवटच्या ग्रीनवर जॅक निकलॉसनं टोनी जॅकलिनला सुमारे दोन फुटांचा पट दिला आणि लढत 16-16 अशी बरोबरीत सुटली. लोक ते खिलाडूवृत्तीचं उदाहरण म्हणून सांगतात, आहेच. त्यात दुसरीही एक बाजू आहे : कप आधीच्या विजेत्यांकडे, म्हणजे अमेरिकेकडेच राहणार होता.

दिवस तिसरा, शुक्रवार

सकाळी आठ सामने, दुपारी चार. जिंकणाऱ्याला एका दिवसात 36 होल चालायचे. जेवायला मधे तासभरही मिळत नाही. प्रेक्षकानं डबा बरोबर ठेवावा, कारण बाराच्या सुमाराला सगळी गर्दी एकाच वेळी खाण्याच्या तंबूवर येते. थालीपीठ-लोणच्याचा डबा उभ्या-उभ्या संपतो, गरम भज्यांची रांग संपत नाही.

सकाळचा सर्वांत महत्त्वाचा क्षण नवव्या ग्रीनवर, पाचवा विरुद्ध एकविसावा. दोघांचे चेंडू कपापासून साधारण वीस-वीस फुटांवर, कोणाचा लांब ते डोळ्यांनी सांगता येईना. एकविसाव्यानं अंदाजानं आधी पट मारला आणि तो सरळ कपात गेला. टाळ्या झाल्या. पाचवा शांतपणे म्हणाला, “पाळी माझी होती. पुन्हा मारा.” रेफरीनं दोरीनं मोजलं, पाचव्याचा चेंडू हातभर लांब होता. मॅच प्लेमध्ये पाळी सोडून खेळण्याला दंड नाही, पण समोरचा तो फटका रद्द करू शकतो, आणि ते पुढचा फटका खेळला जाण्याआधी, लगेच सांगावं लागतं. पाचव्यानं आधी आपला पट दोनमध्ये संपवला. एकविसावा पुन्हा उभा राहिला. तीच रेषा, तोच वेग, चेंडू कडेवरून फिरून बाहेर. होल जिंकणारा पट बरोबरीवर आला.

गर्दीत कुणीतरी “हे बरोबर नाही” असं पुटपुटलं. पूर्णपणे बरोबर आहे. शंका असेल तेव्हा ‘पाळी कोणाची?’ एवढं विचारायला काहीच लागत नाही. आमच्या मते दोष पट मारणाऱ्याचा, आणि त्याहून जास्त त्याच्या कॅडीचा. दोन चेंडू दिसताच पावलं मोजणं हे त्याचं काम.

पुढे तेराव्यावर अगदी वेगळा प्रसंग. दोन्ही चेंडू ग्रीनवर, एकाचा पट दुसऱ्याच्या चेंडूवर आदळला. स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड झाला असता. मॅच प्लेमध्ये काही नाही. आदळलेला चेंडू मूळ जागी परत ठेवायचा, मारलेला चेंडू थांबला तिथूनच खेळायचा. म्हणूनच मॅच प्लेमध्ये समोरचा चेंडू खुणेसाठी उचलायला सांगायला खेळाडू कधी कधी आळस करतात. ज्याला उचलायला लावला नाही, त्याचा चेंडू भिंतीसारखाही उपयोगी पडतो.

रेफरीचा नियम पाहणाऱ्यानं माहीत करून घ्यावा. सामन्यासोबत पूर्ण फेरीभर रेफरी दिलेला असेल तर दिसलेल्या प्रत्येक उल्लंघनावर त्यानं बोलायलाच हवं. तसा नसेल तर दोघे खेळाडूच एकमेकांवर लक्ष ठेवतात, आणि समोरच्याची चूक दिसूनही गप्प राहणं खेळाडूच्या मर्जीवर असतं. दोघांनी मिळून नियम बाजूला ठेवायचं ठरवलं तर मात्र दोघेही बाद. निर्णय मागायचा असेल तर पुढच्या टीवरून कोणी फटका मारण्याआधी मागायचा. शिळा दावा ऐकला जात नाही. शंका असताना दोन चेंडू खेळून नंतर ठरवण्याची स्ट्रोक प्लेमधली सोयही इथे नाही.

फटके विचारले तर खरा आकडा सांगावा लागतो, हा दुसरा सापळा. “किती झाले तुमचे?” या प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं आणि समोरच्यानं पुढचा फटका मारण्याआधी सुधारलं नाही, तर होल जातं. झाडीत गेलेल्या चेंडूचा, त्यावरच्या दंडाचा हिशेब डोक्यात ठेवायचा तो यासाठी. शोधायला वेळ तीनच मिनिटं.

कपाच्या कडेवर लटकलेला चेंडूही पेच आणतो. खेळाडूला कपापर्यंत चालत जाण्याचा वाजवी वेळ आणि वर दहा सेकंद थांबता येतं. समोरच्यानं त्याआधी तो उचलला तर आधीच्याच फटक्यात कपात गेला असं धरतात. 2021 च्या सॉल्हाइम कपमध्ये नेली कोर्डाचा असा चेंडू मॅडलिन सॅगस्ट्रॉमनं घाईनं उचलला आणि होल अमेरिकेला गेलं. शुक्रवारी सहाव्यावर एक चेंडू असाच लोंबकळला, तेव्हा दोघे कॅडी हात पाठीशी बांधून लांब उभे राहिले.

दुपारी दोन गोष्टी बदलतात. एक, वारा. सकाळी तो मंद असतो. ऊन चढलं की खाडी आणि समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुरू होतो. तोच फटका सकाळी आठ नंबर आयर्ननं (लोखंडी क्लब, नंबर लहान तितका फटका लांब) आणि दुपारी सातनं मारावा लागतो. दोन, ग्रीन. सकाळी कापलेली हरळी दुपारपर्यंत वाढते, शिवाय सकाळभर पावलं पडलेली असतात. स्टिम्पमीटर पुन्हा लावला असता तर आकडा नक्की खाली आला असता. ज्यांचे पट सकाळी कपापलीकडे जात होते त्यांचेच दुपारी दोन-दोन हात अलीकडे थांबू लागले. तिसाव्याच्या कॅडीनं हे तिसऱ्या होलावर ओळखलं. तिथून पुढे तो प्रत्येक पटआधी एकच गोष्ट सांगत होता, “दादा, कपाच्या मागच्या कडेला मारा.”

तिसावा विरुद्ध सहावा हा उपांत्यपूर्व सामना अठराव्यावर बरोबरीत राहिला. चार दिवसांत अठराव्या ग्रीनवर आलेल्या मोजक्या लढतींपैकी ही एक, आणि तीही तिथे संपली नाही. जादा होल पहिल्यापासून सुरू होतात, आणि जो आधी होल घेईल तो जिंकतो. एकोणिसावं बरोबरीत. साडेपाच वाजत आले, सावल्या लांब, सूर्यास्त सहाच्या सुमाराला. विसाव्यावर सहाव्यानं टीवरून उजवीकडे रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, मारलं. ते पाहून तिसाव्यानं ड्रायव्हर, सर्वांत लांब मारणारा क्लब, परत पिशवीत घातला, लोखंडी क्लबनं फेअरवेच्या मध्यावर ठेवला, तिथून ग्रीनच्या मध्यावर, आणि दोन पट. स्ट्रोक प्लेमध्ये भित्रा वाटला असता असा खेळ. इथे समोरचा अडकलेला असताना याहून धीट फटका नव्हता.

दिवस चौथा, शनिवार

उपांत्य सामने साडेसातला. पाचव्यानं नवव्याला ‘4 आणि 3’ असं पंधराव्यावर आटोपलं. तिसाव्यानं दुसऱ्या मानांकिताला ‘2 आणि 1’ असं सतराव्यावर. तिसऱ्या क्रमांकासाठी लढत नव्हती, आणि बरंच. हरलेल्या दोघांना दुपारी पुन्हा चालवणं ही शिक्षाच.

अंतिम सामना साडेबाराला, 18 होलांचा. इंग्लंडमधल्या वेंटवर्थला 1964 पासून झालेल्या जागतिक मॅच प्लेमध्ये सामने 36 होलांचे असत. पहिला विजेता आर्नोल्ड पामर, आणि एर्नी एल्सनं ती सात वेळा जिंकली. एवढ्या लांब सामन्यात सरस खेळाडू सहसा वर येतो. अठरात तीन-चार वाईट फटक्यांना सावरायला वेळ उरत नाही.

तिसावा लांब मारणारा, पाचवा तीस यार्ड मागे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पाचव्याची कीव यायची. पण मागे राहिलेला दुसरा फटका आधी खेळतो. पाचव्यानं मुद्दाम ड्रायव्हरपेक्षा कमी अंतराच्या तीन नंबरच्या वुडनं टीवरून मारलं, मग आधी खेळून चेंडू ग्रीनवर, कपापासून पंधरा-वीस फुटांत ठेवला. आता वेज हातात घेऊन उभ्या असलेल्या तिसाव्याला नुसतं ग्रीन पुरेना, त्याला कपाजवळ जायचं होतं. दोनदा तो कपाच्या बाजूच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला. पाच, सात आणि आठ ही तीन होलं अशी गेली.

बाराव्याला, त्या छोट्या पार चारवर, तिसाव्याला टीचा मान, म्हणजे आधी मारायचा हक्क, होता. तो दोन होलांनी मागे. ड्रायव्हर काढला, चेंडू डावीकडच्या पाण्यात. पाचव्यानं आयर्न घेतला. त्यासाठी त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

चौदाव्यावर तिसाव्यानं एक होल परत घेतलं. पंधराव्यावर पाचव्यानं पुन्हा तीनची आघाडी केली. तीन होल शिल्लक, तीनची आघाडी : याला गोल्फवाले ‘डॉर्मी’ म्हणतात. नियमपुस्तकातून 2019 मध्ये हा शब्द गेला, बोलण्यातून गेलेला नाही. यापुढे पुढच्याला बरोबरी पुरते, मागच्याला प्रत्येक होल जिंकावंच लागतं.

सोळाव्यावर दोघांचेही पार पट उरले. तिसाव्याचा सहा फुटी, पाचव्याचा चार. तिसाव्यानं आपला टाकला. पाचव्यानं समोर पाहिलं, समोरून आवाज आला नाही. द्यायलाही नको होता. 2015 च्या प्रेसिडेंट्स कपमध्ये (अमेरिका विरुद्ध आंतरराष्ट्रीय संघ) दक्षिण कोरियातल्या इंचनला अनिर्बान लाहिरीला अठराव्यावर असाच छोटा पट मारावा लागला होता. तो कडेवरून फिरून बाहेर आला, क्रिस कर्कनं सामना घेतला आणि आंतरराष्ट्रीय संघ 15½-14½ असा हरला. पाचव्यानं लव पाहिली, कपाभोवती एकदा फिरला, आणि मागच्या कडेला आपटून चेंडू आत. ‘3 आणि 2’.

टोप्या निघाल्या, कॅडींनी हात मिळवले, गर्दी सोळाव्यावरूनच मेट्रोच्या दिशेनं वळली. अठराव्याच्या ग्रीनमागे पन्नासेक माणसं सकाळपासून जागा धरून बसली होती. लांबून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा तीही उठली. पहाटे सहाला तिथे नवा कप कापला होता, अंतिम सामन्यासाठी खास, डाव्या मागच्या कोपऱ्यात, बंकरच्या आडोशाला. दिवसभरात त्यात एकही चेंडू पडला नाही. सहा वाजता माळ्यानं झेंडा उपटला, अस्तर काढलं, गाभा बसवला, बूट दाबून पाणी शिंपडलं आणि तळव्यानं जागा चाचपली.